खोकल्याची हजेरी

नागपूरच्या मे महिन्यात घरात कूलर असून तो बंद ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं. कोराडीच्या वसाहतीतल्या आमच्या शेजारच्या काकू. खिडकीत वाळा लावलेला कोरा कूलर, आणि काकू पुठ्ठ्याने काकांना वारा घालत बसलेल्या.

काकांना पोटाचा कॅन्सर होता. ‘आता घरी न्या, सेवा करा,’ असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हापासून काकूंना एकच धास्ती: आपलं लक्ष नसताना हे जातील.

“काकू, कूलर काहून नाई लावत?” मी विचारलं.

“त्याच्या आवाजात ह्यायचा श्वास ऐकू येत नाई वं.”

कुकरची शिटी त्यांनी बंद केली, आमच्या रेडिओवरही त्यांची करडी नजर. आंघोळीला गेल्या तरी न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं. मला राग यायचा आणि दयाही यायची.

काका मिस्कील. हळूच म्हणाले, “तुही काकू पोळ्या करून राहिली का मले मधून मधून खोकावं लागते. नाई खोकलो तर तवा सोडून धावते, अन् पोळी जळते. मले मरायचीबी फुरसत नाई.” म्हणजे ती खोकल्याची हजेरी होती!

काकूंच्या सख्ख्या भाचीचं लग्न शहरात होतं. काकांनी हट्टच धरला. “जाय. तू आल्याशिवाय मी कुठीच जात नाई.” मला बसवून, रेशमी लुगडं नेसून काकू बसच्या थांब्याकडे गेल्या. त्यांची पाठ वळताच काका म्हणाले, “लाव वं कूलर.” गार वाऱ्यात त्यांचा डोळा लागला. इतकं निवांत झोपलेलं मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दार उघडलं तर बाहेर काकू. बस निघून गेली होती. चेहरा पांढराफटक.

“आत या की.”

“नाई. श्वास चालू हाये का, तू पाहून सांग पहिले.”

मी वळायच्या आत खाटेवरून खोकला आला. काकू आत आल्या, कूलर बंद केला आणि लुगडं न बदलताच वारा घालू लागल्या. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

काका गेले तेव्हा काकू उशाशीच होत्या. धास्ती खरी झाली नाही, मला वाटलं, आता तरी सुटल्या.

पुढच्या मे महिन्यात भेटायला गेले. खोली तापलेली, कूलरवर चादर. बोलता बोलता मला चिवड्याचा ठसका लागला. जीव भांड्यात पडल्यासारखा काकूंचा चेहरा एकदम सैल झाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर आतल्या रिकाम्या खाटेवर गेली.

“पाणी आणू का वं तुले?” त्या म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

त्या घरात मी पुन्हा कधी खोकले नाही.