गार झाल्याशिवाय टोपण उघडणार न्हाई

आमच्या दुकानात एवढे किस्से का साठतात, सांगू? तापलेली गाडी आणि तापलेला माणूस, दोघांनाबी हितं गार होईस्तवर थांबावं लागतं. शिवऱ्याला हायवेच्या कडेला आमचं रेडिएटर रिपेअरिंगचं पत्र्याचं शेड हाय. दारात एक बाकडं, आणि वर पाटी: "गरम टोपण उघडणार नाही. कुणाचंच नाही." पाटी माझी, नियमबी माझा!

नियम का, ते आमच्या ह्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं की कळतं. एका गिऱ्हाइकानं "लवकर, लवकर" लावलं आणि ह्यांनी उकळत्या रेडिएटरचं टोपण फिरवलं. वाफेनं कोपरापर्यंत कातडं सोललं. बोटं आजबी नीट मिटत न्हाईत. तवापासनं पाना माझ्या हातात, आणि हे बाकड्यावर बसून माझं काम तपासतात.

माझ्या धाकट्या दिरांना हेच बघवत न्हाई. जागा दोघा भावांची. "वहिनी, बाईमाणसानं हायवेला पाना घेऊन उभं राहायचं? लोक हसतात. शेड हॉटेलवाल्याला भाड्यानं देऊन टाकू."

म्या म्हटलं, "भावजी, हसणाऱ्यांच्या गाड्या तापत न्हाईत व्हय? दुकान बंद होणार न्हाई. काय करायचं ते करा!"

* * *

पुण्याचे एक साहेब वेल्ह्याला किल्ला बघायला निघाले होते. बोनेटमधनं वाफाच वाफा. मला विचारतात, "मेकॅनिक कुठे आहे?"

"ही काय, समोर उभी हाय."

"नाही, म्हणजे... माणूस?"

"मग मी काय म्हैस हाय?"

साहेब गप बाकड्यावर बसले. त्यांची बायको मात्र गाडीत बसून, होज पाईप बदलून होईस्तवर हसत होती.

* * *

वरव्याचा एक टेम्पोवाला. त्याला कुणीतरी सांगितलेलं, रेडिएटर गळायला लागला की आत हळद टाकायची, भोकं बुजतात. चिमूटभर टाकतात लोक, घटकाभर चालतंबी. ह्या बहाद्दरानं अख्खा पुडा ओतला! खालनं पाणी सोडलं तर पिवळाधमक रस्सा. आतली जाळी सगळी चोंदलेली.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणि कोथिंबीर कुठाय?"

तो काय कमी? म्हणाला, "ताई, आधी मीठ तर बघा!"

* * *

एक पांढरी गाडी. आतनं पांढऱ्या कपड्यातले पुढारी उतरले, तेबी उकळतच. "उघडा ते टोपण! मी कोण आहे माहीत आहे का?"

"न्हाई म्हाईत. पण तुमच्यापेक्षा गाडी जास्त तापलीय. आधी तिचं बघते, मग तुमचं."

बाकड्यावर टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून चहा प्यायले बिचारे.

* * *

लग्नाची गाडी आली. मागं मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, पुढं मामा. मामा खेकसला, "मुहूर्त टळतोय बाई! वरनं पाणी ओता आणि उघडा!"

"भाटघरचं धरण आणून ओता, तरी आत्ता उघडणार न्हाई. मुहूर्त दुसरा मिळंल, डोळं दुसरं मिळायचं न्हाईत!"

तेवढ्यात नवरदेवाला नवरीचा फोन. आवाज आमाला सगळ्यांना ऐकू आला: "ती बाई सांगतीय तसं करा. बसा गप!"

नवरदेव मुकाट बाकड्यावर बसला. मामा मला म्हणतो, "बघा, अजून अक्षता पडायच्यात!"

* * *

परवा भावजी खरंच हॉटेलवाल्याला घेऊन आले, जागा दाखवायला. स्वतःच्या गाडीतनं. शेडपाशी आले आणि गाडीनं भसकन वाफ सोडली.

म्या म्हटलं, "टोपणाला हात लावू नका. बसा."

"तुमचा नियम तुमच्या गिऱ्हाइकाला! जागा माझीबी हाय!" भावजींनी बोनेट उघडलं, फडकं घेतलं आणि टोपण धरलं. पाव्हण्यासमोर मागं कसं हटणार?

हे बाकड्यावरनं उठले. तो भाजका हात भावजींच्या हातावर ठेवला.

"बाळू, बस."

भावजी त्या हाताकडं बघत राहिले. मग फडकं सोडलं आणि जाऊन बाकड्यावर बसले. शेजारी हॉटेलवाला. हे टोकाला. बाकडं भरलं. मला तर रडूच यायला लागलं होतं, म्हणून मी उगाच पाने पुसत बसले.

तेवढ्यात भोरकडची एक जीप वाफा सोडत आली. ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि थेट टोपणाकडं धावला. मी तोंड उघडायच्या आत भावजी ओरडले,

"ओ पाव्हणं! हात लावू नका! पाटी वाचता येत न्हाई व्हय? हितं बसा!"

आणि हॉटेलवाल्याकडं वळून म्हणाले, "तुमी जरा उठा. गिऱ्हाईक आलंय."