गाठ मारलेलं टिपाड

लोक पाण्याबद्दल खोटं बोलतात, अशी माझी पक्की समजूत होती. जामखेडकडच्या कोरड्या पट्ट्यात आरोग्य सेवक म्हणून वर्षानुवर्षं दारोदार फिरून ती झाली होती. "टिपाड कधी रिकामं केलं?" असं विचारलं की सगळी आळी एका सुरात "कालच" म्हणायची. टॉर्च मारला की त्या कालच्या पाण्यात आठवड्याच्या अळ्या वळवळताना दिसायच्या. त्यामुळे मी माणसाच्या तोंडाकडे बघणंच सोडलं होतं. लोक मला डॉक्टर म्हणायचे, आणि तेवढं खोटं मात्र मी चालवून घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका आळीत राहणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला डेंग्यू झाला. तिला नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. डेंग्यूचा डास गटारातला नव्हे. तो आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसाढवळ्या चावतो आणि फार लांब उडतही नाही. जिथं जन्मतो तिथल्याच चार घरांत त्याचं आयुष्य जातं. म्हणजे गुन्हेगार आळीतच होता, आणि तो शोधायचा मी चंग बांधला.

सापडलाही लगेच. मुलीच्या शेजारच्या घरात एक बाई एकटीच राहायची. दोन शेळ्या आणि दारात पाणी साठवायचं एक निळं टिपाड. त्या टिपाडात अळ्या होत्या. टँकर रविवारी यायचा, म्हणून मी तिला सांगितलं, दर शनिवारी टिपाड पूर्ण रिकामं करायचं, रविवारी नवं पाणी घ्यायचं. पुढच्या आठवड्यात गेलो तर पुन्हा अळ्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

"केलं हुतं की रिकामं," ती म्हणाली. "तळाचं पानी शेळ्यांना पाजलं, डॉक्टर."

मला तिचा रागच आला. जिथं आठवड्याला एक टँकर, तिथं कोण पाणी उपसून टाकेल? मी असतो तर टाकलं नसतं, आणि वर खोटंही बोललो असतो. कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की. मी आजारी मुलीच्या आईला विचारलं. "मी तर तिला टिपाड पालथं घालताना कदी बगितलं न्हाई," ती म्हणाली. ही माउली निम्मे दिवस नगरच्या दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसून होती, तिला दिसणार तरी काय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला हवी ती साक्ष मिळाली होती. त्या रविवारी टँकरभोवती जमलेल्या सगळ्यांसमोर मी बोललो, की काही लोकांना सांगून कळत नाही, आणि भोगतात दुसऱ्यांची लेकरं. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. तेव्हापासून आळीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

एका शनिवारी तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून न कळवता सकाळीच जाऊन थडकलो. ती टिपाड उपसत होती. उरलेल्या पाण्यात तिनं लुगडी धुतली, शेळ्या पाजल्या, मग टिपाड भिंतीला तिरकं लावून उन्हात ठेवलं. मला बघून करत असेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या वेळी परत गेलो. टिपाड आतून खडखडीत कोरडं होतं. ते माझ्यासमोर भरलं. मी त्यावर दुहेरी कापड घातलं, सुतळी आवळली आणि माझ्या हातानं गाठ मारली. "तीन दिवस हंड्या-कळशीतलं वापरा, याला हात लावायचा नाही," असं बजावलं. ती फक्त हो म्हणाली.

बुधवारी गेलो. गाठ जशीच्या तशी होती. कापड काढून टॉर्च मारला आणि पाण्यात बारीक बारीक अळ्या दिसल्या.

पहिला संशय तिचाच आला, हे लाजत का होईना लिहितो. पण गाठ माझी होती आणि कापडाला भोक नव्हतं. मग मी पाण्याच्या वरच्या कडेला, टिपाडाच्या आतल्या अंगावर नख फिरवलं. नखाला काजळीसारखे काळे कण लागले. ती अंडी होती. या डासाची मादी अंडी घालते ती पाण्यालगतच्या ओलसर भिंतीवर. पाणी उपसलं तरी ती चिकटून राहतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी हजेरीवर सही केली होती, समोसा खाल्ला होता, आणि गावोगाव "रिकामं करा" एवढंच सांगत फिरलो होतो. घासा म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. भिंती खरवडून घासायला हव्यात, पण त्याला दोन बादल्या पाणी जाईल, असंही म्हणालो.

"पानी कशाला? राखंनं कोरडंच घासते," ती म्हणाली. मी चूक झाली म्हणालो. ती शेळीचं दावं सोडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी खोटं बोलत न्हवते हे मला म्हाईतच हुतं. त्यांना सांगा."

तिथं उभं राहणं मला जड गेलं. मी तिचं काय केलं होतं ते तेव्हा कळलं.

रविवारी टँकरपाशी मी बोललो. अंडी, भिंत, राख, सगळं सांगितलं, आणि ही बाई दर आठवड्याला टिपाड रिकामं करत होती, चूक माझी होती, हेही सांगितलं. मग सगळ्यांच्या टिपाडांत नख फिरवलं. काळे कण बहुतेक घरांत निघाले, आजारी मुलीच्या घरातही. गुन्हेगार सापडल्यावर मी बाकीची टिपाडं नीट बघितलीच नव्हती.

मुलगी बरी होऊन घरी आली होती, दारात बसून ऐकत होती. तिच्या आईनं विचारलं, "मग आमच्या पोरीला कुनाच्या घरचा डास चावला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तसं मी त्या आळीत आधी कधीच बोललो नव्हतो.

टँकरचा पाईप एकेक दार करत पुढं सरकला. तो शेजारच्या दारापर्यंत आला तेव्हा मुलीची आई त्या बाईकडं वळली.

"कापड काड गं," ती म्हणाली, "पाईप आला."