दादा बोटीवर नव्हता

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. फोनवर मानसी होती, कच्च्या कैद्यांचे खटले चालवणाऱ्या एका संस्थेतली तरुण वकील. दादाच्या ट्रस्टच्या मदतीवर ती संस्था चालते. मानसी रडत रडत सांगत होती, की सर तुरुंगाच्या दाराशी मुलाकातीला आलेल्या लोकांशी बोलत होते, बोलता बोलता खाली बसले आणि उठलेच नाहीत. सख्खा भाऊ गेला हो माझा... आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तर लोकांना जागा कुठली सांगायची! 'घाटावर कामाला गेला होता, वाटेत छातीत दुखलं,' असं मी कोणी विचारायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या मुलाने पेपरात चौकट दिली, तीत 'काही वर्षे बोटीवर नोकरी, नंतर काजू उद्योजक, दानशूर' असं छापून आलं. त्याचा काय दोष, त्याला घरात हेच ऐकायला मिळालं होतं. मी ती चौकट वाचली आणि गप्प बसले. आज दोन महिने होत आले, आता मात्र गप्प बसवत नाही. दादा कधीच बोटीवर नव्हता. तो तुरुंगात होता.

आमचं घर मालवणपासून थोडं खाली, किनाऱ्यालगत. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस बोटीवर नाहीतर आखातात असतो, त्यामुळे एखादा मुलगा दोन-चार वर्षं दिसला नाही तर कोणाला काही वाटत नाही. दादा घाटावर एका गोदामात रखवालीला होता. गोदामातला माल गेला, मालक सुटले आणि रखवालदार आत गेला. जामिनाला उभं राहायला कोणी नाही, वकील नाही, तारखेवर तारीख. आणि इथे माझं लग्न ठरत होतं. दादानेच आतून निरोप पाठवला, "वसूचा लगीन आसा. बोटीर गेलो म्हणान सांगा." बाबांनी तसं सांगितलं, आईने सांगितलं, मीही सांगितलं. कुडाळच्या माझ्या सासरी 'थोरला भाऊ बोटीवर' ही माझ्या बाजूने मोठीच जमेची गोष्ट होती. लग्नात त्याची आठवण काढून सगळ्याजणी हळहळल्या, आणि मी नथ सावरत मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं नवरी लाजतेय.

त्याला भेटायला कोणी गेलं नाही. बाबांना एकदा जायचं होतं, पण घाटावर जाणाऱ्या एस.टी.त कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगणार, या विचाराने ते स्टँडवरून परत आले आणि त्यानंतर लवकरच वारले. शेवटी एका संस्थेच्या वकिलाने फुकट केस घेतली आणि दादा निर्दोष सुटला. सुटला तो थेट घरी आला नाही. आधी बांद्याला उतरला, पलीकडे गोव्यात जाऊन परदेशी साबण, चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या घेतल्या, आणि मग आला. आईने ते सगळं घरोघर वाटलं. "झिलान बोटीरसून हाडल्यान," मुलाने आणलं म्हणून प्रत्येक दारात हसून सांगितलं. संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. शेजारच्या काकांनी विचारलं, "बोटीर जेवाण कसला गावता रे?" दादा म्हणाला, "बरा गावता. पण घंटा वाजली काय जेवक बसूचा लागता." काका म्हणाले, शिस्त हवीच. मी माहेरी आले होते, आतून पाणी घेऊन येत होते, ते तिथेच उभी राहून ऐकलं.

पुढे त्याने कुडाळला काजूचा कारखाना काढला, तो चालला. लग्न केलं नाही. कोणी विचारायला आलं की म्हणायचा, "मुलीक काय सांगू?" आणि विषय बदलायचा. समुद्रालगतचा आमचा माड-पोफळीचा तुकडा हॉटेलवाल्यांनी घेतला तेव्हा त्या पैशांतून त्याने ट्रस्ट केला, मला विश्वस्त म्हणून सही करायला बसवलं. ट्रस्टचं नाव असं ठेवलं, की वाटावं खलाशांसाठी काहीतरी आहे. गावातली मुलं बोटीवरच्या नोकरीसाठी शिफारस मागायला यायची. तो त्यांना चहा द्यायचा, ओळखीच्या एजंटाचा नंबर द्यायचा. एकाला तर खरंच नोकरी लागली, आणि त्याची आई पेढे घेऊन आली. पैसे मात्र सगळे जायचे कच्च्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना.

त्याची मदत द्यायची रीत बघून त्याच संस्थांना पैसे देणारे मुंबईचे मोठे देणगीदार वैतागायचे. संस्थांचे अर्ज यायचे, त्यांत सुटून आलेल्या माणसांचे हसरे फोटो. दादा फोटो बघायचाच नाही. एका संस्थेला त्याने कळवलं होतं, की पुढच्या वेळी फोटो पाठवलेत तर अर्ज परत करीन, त्या माणसाला त्याच्या गावात राहायचं आहे. मदत एका वर्षाची द्यायची असते असं कोणीतरी शिकवायला गेलं, तर हा म्हणाला, "केस चलता वर्सान् वर्सा, नि पैशे एका वर्साचे? मगे त्या वकिलान अर्ध्यात सोडूचा?" वकिलांचे पगार, टायपिंग, भाडं, जे लागेल ते तो द्यायचा. पण एक अट असायची. कैद्याच्या घरच्यांना मुलाकातीला जायचं भाडं संस्थेने द्यायचं, आणि कोणी जात नसेल तर घरी जाऊन बसायचं, समजूत घालायची. मानसीला सुरुवातीला हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, एवढ्या पैशांत आणखी एक वकील येईल. मीही तिचीच बाजू घेतली. तर मला म्हणाला, "वकील गावता गो. पण आतल्या माणसाक भायरसून कोणतरी येवक होया." आमच्यातलं कोणी आलं नव्हतं हे त्याने बोलून दाखवलं नाही. त्याने ते आयुष्यात कधीच बोलून दाखवलं नाही, आणि मी त्यालाच त्याचा चांगुलपणा समजून निवांत राहिले.

मानसीच्या संस्थेने त्याला वार्षिक सभेला बोलावलं, सत्कार करतो म्हणाले. "मी पैशे दितंय, तोंड कित्याक दाखवू?" म्हणून टाळलं. पण गेल्या गणपतीत आम्ही दोघं निर्माल्य सोडायला खाडीवर गेलो होतो, तिथे पायरीवर बसून तो एकदम म्हणाला, "वसू, आता सांगून टाकूया गो. माका कंटाळो इलो." मी म्हटलं, "आये आसा तोपर्यंत नको रे." आई नव्वदीला आलेली, तिला आता लोकांसमोर कशाला उघडं पाडायचं. तो 'बरां' म्हणाला आणि उठला. खरं सांगू? मला आईची काळजी नव्हती. माझ्या सुनेचे आईवडील दुसऱ्या दिवशी यायचे होते. सासू झाले, केस पांढरे झाले, तरी मला ती बोट हवीच होती. तो माझ्यापुढे पायऱ्या चढत गेला, धापा टाकत होता, आणि मला त्याच्याकडे नीट बघवेना.

तेरावं झाल्यावर मानसी शिरोड्याच्या एका बाईंना घेऊन भेटायला आली. मासे विकणाऱ्या बाई, मुलगा अजून आत आहे. आई खुर्चीत बसली होती. त्या बाई खाली बसल्या, आईचा हात धरला आणि सरळ मनाने सांगायला लागल्या, "आजये, सरान माका भाडा दिल्यान. मी जाय नाय होतंय, माका लाज वाटायची. तर तो माझ्या घराक इलो आणि म्हणालो, 'माझी आवस कधी येवक नाय. तू तरी जा गो बाय.'"

बाईंना वाटलं असणार, दादाची आई कधीच वारली असेल आणि ही घरातली कोणी दुसरी म्हातारी असेल. मी घाईघाईने चहाचं विचारलं. मानसी माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला सगळं माहीत होतं. चहा झाला, त्या दोघी गेल्या. दिवसभर आई जेवली नाही, मला वाटलं आता ही अंथरूण धरते. संध्याकाळी तिने हाक मारली, "वसू, माका थंय घेवन चल." कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, आई, आता तिथे काय आहे... तर म्हणाली, गाडी कर.

मुलाकातीच्या दिवशी आम्ही, दादाला जिथे ठेवलं होतं त्या तुरुंगावर गेलो. बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, कोणाच्या कडेवर पोर. आईला खुर्ची देत होते, तिने घेतली नाही. माझ्या खांद्याला धरून ती रांगेतून पुढे सरकत राहिली. मानसीही आली होती, ती लांब उभी राहिली. खिडकीतल्या शिपायाने नरमाईने विचारलं, "आजी, कोणाला भेटायचंय?" आईने पदर सारखा केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात दादाचं नाव सांगितलं, मग बाबांचं, मग आडनाव आणि गाव. शिपायाने विचारलं, नातं? ती म्हणाली, "आवस." त्याने समोरच्या वहीतल्या यादीवर वरून खालपर्यंत बोट फिरवून बघितलं आणि गोंधळून मला विचारलं, "ताई, या नावाचं इथे कोणी नाही. कोण हे?"

मागे रांग होती, ओळखीचं कोणी असतं तरी मला चाललं असतं, असं त्या वेळी खरंच वाटलं. मी म्हटलं, "माझा भाऊ. तो इथे आत होता, फार वर्षांपूर्वी. आता वारला." शिपाई आईकडे बघत राहिला. त्याने पेन खाली ठेवलं.

आई खिडकीची कड धरून म्हणाली, "तो नाय, म्हायत आसा माका. पण मी इलंय म्हणान लिव."