लाइटवाला

आम्ही तिघांनी मिळून जळगावात बँड काढला आणि त्यातल्या फर्निचरवाल्याने मला फसवलं. टेलर गप्प राहिला, म्हणून तोही त्यात आला.

मी मोटार रिवायंडिंग करायचो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. बापाने दुकान ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून सुरुवात केली. नव्वद साल जवळ आलं होतं. फर्निचरवाल्याने कुठूनशी इंग्रजी रॉक अँड रोलची कॅसेट आणली. शब्द एकही कळला नाही, पण तिघांचे पाय हलायला लागले. मग बाजार बंद असेल त्या दिवशी टेलरच्या दुकानात तालीम. टेलर गायचा. ड्रम मी वाजवायचो. तो मी चाळीसगावच्या एका बँडवाल्याकडून तीन फेऱ्या मारून, दोनदा उठून चालायला लागून, पाडलेल्या भावात आणला होता.

इलेक्ट्रिक गिटार मात्र कितीही भाव पाडला तरी परवडणारी नव्हती. फर्निचरवाल्याने स्वतःला वाजवायला सागाची गिटार तासली आणि आवाज पकडणारी तारांखालची कॉइल मी गुंडाळली. केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. माझ्या हातयंत्राला मोजणीचा काटा नव्हता, म्हणून दर शंभर वेढ्यांना टेबलावर एक शेंगदाणा ठेवायचो. टेलर बोलता बोलता ते खात बसला. किती खाल्ले, म्हणून विचारलं तर म्हणाला, "भाऊ, खारे नव्हते, म्हणजे जास्त नसतील." मी पाना भिरकावला. तो शिलाई मशीनच्या चाकाला लागला. तार तोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली.

कॉइल वाजली, पण भणभणायची. खूप खटपट करून मी शोधून काढलं, की ॲम्प्लिफायरचा डबा आडवा फिरवला की भणभण मरते. दोघांना सांगितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं नाही, कारण फिरवायला मी होतोच.

धुळ्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. पोरं ठरवायला आली तेव्हा टेम्पोपासून जेवणापर्यंत मी प्रत्येक गोष्टीवर अडून बसलो, आवाजही चढला. व्यवहारात मी असाच. आठवड्याने फर्निचरवाला सांगत आला, कार्यक्रम पुढे ढकलला. मी विश्वास ठेवला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं खोटं मला पापणीवरून कळतं, त्याचं कळलं नाही.

आधी ठरलेल्या दिवशी सहज टेलरकडे गेलो तर कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, बठ्ठं सामान, ड्रमसुद्धा, टेम्पोत घालून ते सकाळीच धुळ्याला गेले.

एसटीत पारोळ्यापर्यंत उभा होतो. काय काय बोलायचं ते पाठ करत होतो.

मांडवात पोचलो तर माझ्या ड्रमवर कॉलेजचा एक मुलगा बसलेला. गिटार भणभणत होती, पोरं शिट्ट्या मारत होती आणि फर्निचरवाला घामाघूम होऊन नुसती बटणं पिळत होता. मी भांडायला आलो होतो. पण लोक हसत होते ते माझ्या कॉइलला. वर चढलो आणि डबा आडवा फिरवला. भणभण थांबली. गॅदरिंगच्या एका पोराने माझं मनगट धरलं आणि हे कोण, म्हणून विचारलं. फर्निचरवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाऊ आमना लाइटवाला शे."

टेलरने माइककडे तोंड केलं. मी खाली उतरलो.

मागच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकलं. गिटार चांगली वाजली. पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. असं माझ्या आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.

ड्रम टेलरने पुढच्या आठवड्यात माझ्या ओट्यावर आणून ठेवला, मी जेवायला गेलो होतो तेव्हा. आता माझी तीन दुकानं आहेत. त्या ड्रमवर तारेची बंडलं ठेवतो. संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला कोणी नसतं. येणारे भाव विचारायला येतात. फुकट भांडावं असे ते दोघेच होते.

माझ्या रागापायी मला वगळलं असेल. मग तसं तोंडावर म्हणायचं होतं. मी भांडलो असतो, पण ऐकलं असतं. फर्निचरवाला दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. लग्नाकार्यात दिसला की "काय भाऊ, बरं शे ना?" म्हणतो आणि पंगतीत दूरचं पान धरतो. त्याचं "बरं शे" मला नको. त्याने माझ्या दुकानात यावं, समोरच्या स्टुलावर बसावं, आणि मी लाइटवाला कधीपासून झालो, ते मला सांगावं.