हातानं खायची मेजवानी

चायनीज रेस्टॉरंटच्या माडीवर सहा गोल टेबलं होती आणि त्या सहांवर ताईंचं राज्य होतं. मालक खाली काउंटरवर बसायचे; वर मेजवानी असली की शब्द ताईंचाच. धाकटी लेक शाळेत जायला लागली तेव्हा त्या इथं कामाला लागल्या, आणि आता त्या लेकीचंही लग्न होऊन गेलं होतं. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "माझ्या माणसांना उतरायची घाई, तुझी माणसं उठायचं नाव घेत नाहीत."

मालकांच्या आईनं पहिल्याच आठवड्यात त्यांना बजावलं होतं, "ताटाकडे काय बघतेस? रिकामं झालं की ते आपोआप दिसतं. माणसाकडे बघ." ताईंनी ते असं अंगी बाणवलं की कुठलं पोर आता ग्लास सांडणार आणि कोणत्या जोडप्याचा अबोला चाललाय, हे त्यांना दारातूनच कळे.

त्या रविवारी दुपारी एका कपड्यांच्या कारखान्यातली मंडळी आली. सुपरवायझरबाई निवृत्त होत होत्या. त्यांचा मुलगा, सून, मॅनेजर आणि शिवणकाम करणाऱ्या नऊजणी असं तीन नंबरचं टेबल गच्च भरलं. दहा पदार्थांची मेजवानी मॅनेजरांनी आधीच ठरवून ठेवलेली. सुपरवायझरबाई ताठ बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. उजवा हात मात्र टेबलक्लॉथखाली.

सूप आलं. सगळ्यांचे वाडगे रिकामे झाले, त्यांचा भरलेलाच. कोळंबी आली, टेबलावरची फिरती काच त्यांनी डाव्या हातानं पुढे ढकलून दिली.

"आई, घे ना," मुलगा म्हणाला.

"सकाळचं खाणं जरा जास्तच झालंय रे."

मग मॅनेजरांनी काही तरी विनोद केला. सगळे हसत असताना बाईंनी हळूच चमचा उचलला. तो वाडग्याच्या काठावर किणकिणला, सूप हिंदकळून सांडलं. बाईंनी पटकन चमचा ठेवला, त्यावर नॅपकिन टाकला आणि सगळ्यांबरोबर हसू लागल्या.

ताईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी चार वर्षं कुणाकडे पाण्याचा घोटही घेतला नाही. "पोट जड आहे" म्हणायचे आणि घरी दार लावून जेवायचे. सगळे त्यांना तिरसट समजत. ताईसुद्धा.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. मुख्य आचाऱ्याला सगळे भडका म्हणत. चुलीवरून आणि स्वभावावरूनही.

"भडक्या, तीन नंबरचा मासा अख्खा जाणार नाही. काटे काढ आणि पातळ पोळीत गुंडाळ. बदकाचंही तसंच. नूडल्सऐवजी डम्पलिंग दे, एकेका घासाचे."

"ताई, डोकं फिरलंय का तुमचं? अख्खा मासा म्हणजे मेजवानीची शान! त्यांच्या साहेबांनी स्वतः निवडलाय."

"साहेबांना मी बघते."

"अहो, पण कारण तरी सांगाल?"

"एका माणसाला जेवायचंय."

भडका तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि त्यानं सुरी उचलली.

ताई वर आल्या त्या गरम ओल्या टॉवेलांचं तबक घेऊन. "साहेब, पुढचं सगळं हातानं खायचं केलंय. मजा येते. चालेल ना?" टायवाल्या मॅनेजरांनी आधी टायकडे पाहिलं, मग ताईंकडे. नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ताईंनी तेराही जणांच्या चॉपस्टिक्स आणि चमचे उचलले. "आता यांना सुट्टी!"

पहिल्याच घासाला मॅनेजरांच्या गुंडाळीतून सॉस निघाला तो थेट कोपरापर्यंत. नऊजणी खिदळल्या. सुनेच्या मांडीवर बदकाचा तुकडा पडला. त्या गोंधळात सुपरवायझरबाईंनी दोन्ही हातांनी गुंडाळी धरली. ती थरथरली, थोडं सारण सांडलं, पण तेव्हा टेबलावर कुणाचं सांडत नव्हतं? त्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि डम्पलिंगांची बशी स्वतःकडे फिरवून घेतली.

निरोपाची भाषणं संपल्यावर बाई उठल्या आणि कोपऱ्यात चहाच्या किटल्या भरणाऱ्या ताईंपाशी आल्या.

"चाळीस वर्षं मी बायकांनी लपवलेली वाकडी शिवण शोधून काढली," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही माझी काढलीत."

"मी काही पाहिलं नाही बाई."

"खोटं बोलणं जमत नाही तुम्हाला." बाईंनी उजवा हात सरळ किटल्यांशेजारी ठेवला. तो थरथरत होता. "सहा महिने झाले. मुलाला सांगितलं नाही. उगाच काळजीनं स्वतःला पोखरून घेईल."

ताईंनी हातातली किटली खाली ठेवली. "माझ्या वडिलांनीही सांगितलं नाही. आम्ही त्यांच्यावर चिडत राहिलो. ते गेल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं."

बाईंनी मागे वळून मुलाला हाक मारली, "अरे, जरा इकडे ये. एकटाच ये."

ताईंनी दोन खुर्च्या ओढून खिडकीपाशी लावल्या, त्या कोपऱ्यापुढचा पडदा ओढून घेतला आणि किटली उचलून पाच नंबरकडे निघाल्या. तिथं एका पोरानं ग्लास अगदी कडेला आणून ठेवला होता.