न जुळणारी रीडिंग्ज

बाबा गेले ते मी इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या घरात बसून फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. व्हिसाचं घोडं अडलं होतं, जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी, मी शिकवते त्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन लंबकाचा धडा घेतला. रडूबिडू काही आलं नाही. पुढे तीन महिने कशाचंच काही वाटेना. जेवण, क्लास, बाहेरचा बर्फ, सगळं एकच.

आमची फिजिक्सची लॅब सगळी सिम्युलेशनवर. स्क्रीनवरचा लंबक माउसने ओढायचा, सोडायचा. वेळ टायमर स्वतःच मोजतो. त्यामुळे सगळ्या वर्गाची रीडिंग्ज तंतोतंत सारखी. तपासायचं काय त्यात? टिक मारत सुटायचं.

एकीची मात्र जुळेनात. दोन मुलांची आई, डे-केअरमध्ये नोकरी, नर्सिंगला जायचं म्हणून हा कोर्स घेतलेला. मार्कांनी आधीच काठावर. दर ओळीत आकडा जरा इकडे, जरा तिकडे. म्हटलं, बाई गं, हे तू मला शिकवतेस? नागपूरला बीएस्सीत आम्ही आधी उत्तर काढायचो, मग खरी वाटावीत म्हणून रीडिंग्ज मुद्दाम थोडी चुकवून लिहायचो. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शून्य दिलं. खाली लिहिलं, आकडे बनवलेले आहेत. तिचे दोन ईमेल आले. मी उघडलेच नाहीत. उघडून काय करायचंय, असंच वाटायचं तेव्हा.

सोमवारी ती ऑफिसात आली. भांडण नाही, काही नाही. फोन पुढे धरला. व्हिडिओत स्वयंपाकघराच्या दाराला दोरी, दोरीला मोठा लोखंडी नट, आणि तिची मुलगी मोठमोठ्याने झोके मोजतेय. तिच्या जुन्या लॅपटॉपवर सिम्युलेशन उघडेचना, म्हणून बाईने खराच लंबक टांगला होता.

अख्ख्या वर्गात प्रयोग असा तिनेच केला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि वाटली ती लाज.

"थांब, आत्ता पूर्ण मार्क देते," मी घाईघाईने लॉगिन केलं.

"नको, प्रोफेसर. कोर्स सोडायची शुक्रवारी शेवटची तारीख होती, मी ड्रॉप केला. नापास झाले असते तर नर्सिंगचा अर्जच बाद झाला असता."

यादीत तिचं नाव खरंच नव्हतं.

"मग आज आलीस कशाला?"

"आकडे मी बनवले नव्हते, एवढंच सांगायला."