पाणबुड्यांच्या झोपडीत चपला काढून

सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या साहेबांनी आम्हा वीस जणांना दुबईत जबल अलीच्या कामगार कॅम्पमधून बसमध्ये भरलं. कशाला? तर पूर्वीचे गरीब लोक कसे राहायचे ते दाखवायला. ज्याच्या डोक्यात हे आलं त्याच्या अकलेला सलाम.

वर मला वेगळं काम. कंपनीमुळे आम्ही किती सुखात आहोत, हे मी कॅमेऱ्यासमोर सांगायचं. माझं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. "नीट बोललास तर रिन्यूअलवर माझी सही, खलास," साहेब म्हणाले; तेही आपलेच, पुण्याचे. आठवीत शाळा सोडलेल्याला दुसरीकडे कोण घेणार? रस्ताभर मी वाक्यं पाठ करत होतो.

संग्रहालयात मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची झोपडी होती. खजुरीच्या झावळ्या, चटया, दोरखंड, एक लाकडी पेटी. आणि एसी! घामाचा वास नाही, एक ढेकूण नाही. असली गरिबी मला जन्मभर चालली असती.

गाइडबाई इंग्लिशमध्ये सुरू झाल्या, आणि आम्ही दारात चपला काढायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. कॅम्पमध्ये चपलेसकट खोलीत शिरलं की आईवरून शिव्या बसतात, तीच सवय. आत जाऊन जो तो चटईवर टेकला. माझ्या खालच्या बंकवरचे रत्नागिरीचे चाचा तर पेटी उशाला घेऊन आडवेच झाले. बाई किंचाळल्या.

"चाचा, उठा. हे बघायचंय, झोपायचं नाही," मी म्हणालो.

"मग चटई कशाला घातली? इथे किती जण झोपायचे, विचार तिला."

साहेबांनीच विचारून सांगितलं, "दहा."

"आपण एका खोलीत बारा आहोत. म्हणजे हे गरीब जरा खातेपितेच होते की रे!"

सगळे खिदळले. साहेबांनी कॅमेरा माझ्यावर धरला. "यल्ला, बोल."

मला सरळ खोटं बोलता आलं असतं. पण गेल्या वर्षी मी तापाने फणफणलो तेव्हा कंपनीनेच दवाखान्यात नेलं होतं, म्हणून वाचलो. तेच सांगायला लागलो.

"कट! आजारपण नको रे. हसत बोल, हबीबी."

मग मी हसत बोललो. पूर्वी फार हाल होते, आज सगळं आहे. चाचा चपला शोधण्याच्या निमित्ताने पाठ करून उभे राहिले.

साहेबांची सही परतताना बसमध्येच झाली, सीटवर कागद टेकवून. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून थँक्यू म्हणालो. इतकं वाकायची गरज नव्हती.